एकतीस अळ्यांची हजेरी घेणारे चाचा

अन्याय झाला तो एकतीस अळ्यांवर आणि एका म्हाताऱ्या माणसावर, आणि तो झाला आमच्याकडे भाद्रपदात येणाऱ्या बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी, शाळेतली प्रार्थना सुरू होऊन हजेरी लागेपर्यंतच्या पंधरा मिनिटांत. मी पत्रकं लिहिते. कुणावर आणि कधी, हे पहिल्याच ओळीत आलं नाही तर लोक पत्रकात भेळ बांधून घेतात, हे मला अनुभवानं कळलेलं आहे. अळ्यांकडे नंतर येते. आधी माणूस सांगते, कारण त्यांच्याइतका चिवट, चौकस आणि दिसेल त्या पानाची पाठ उलटून बघत हिंडणारा माणूस भीमेच्या अलीकडे शिरूर तालुक्यात नाही आणि पलीकडे दौंड तालुक्यातही नाही. आणि असलाच तर तो यांनीच बिघडवलेला असणार.

मांडवगण फराट्याच्या पुढं, नदीच्या अंगाला आमची वस्ती आहे. सगळी वस्ती त्यांना चाचा म्हणते. त्यांच्या नातवंडांचे ते चाचा, आमचेही चाचा, आणि त्यांच्याहून वयानं मोठे असलेले आमचे आबासुद्धा त्यांना चाचाच म्हणतात. तीस वर्षं या माणसानं पाठीवर पंप घेऊन लोकांच्या मळ्यांत औषध मारलं. कांदा, फ्लॉवर, झेंडू, लिंबू, ज्याला कीड लागली तिथं चाचांना बोलावणं जायचं. तोंडाला ओला टॉवेल, पायांत फाटके गमबूट, आणि पंपाचा दांडा हलवताना तोंडानं सतत पुटपुटणं. आम्हां पोरांना वाटायचं ते नमाज पढतात. पुढं कळलं, ते झाडं मोजत असत.

मी तिसरीत असताना ते आमच्या लिंबाच्या बागेत औषध मारत होते आणि मी बांधावर बसून पेरू खात होते. एकाएकी पंपाचा आवाज थांबला. चाचांनी मला हाक मारली. एका पानावर करंगळीएवढी हिरवीगार अळी होती. चाचांनी तिला काडीनं डिवचलं, तशी तिनं डोक्यातून लालभडक दोन शिंगं बाहेर काढली आणि कुजक्या लिंबासारखा वास सुटला. चाचा म्हणाले, "तू शाळंत जातीस न्हवं? मंग सांग, हिचं म्होरं काय हुतं?" मी म्हणाले, फुलपाखरू. "किती दिसांनी?" मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी चाचा गमबूट घालूनच शाळेत आले. भिंतीवर तक्ता होता: अंडी, अळी, कोष, फुलपाखरू, मध्ये बाण. चाचांनी एका बाणावर बोट ठेवलं आणि गुरुजींना विचारलं, "ह्यो बाण किती दिसांचा?" गुरुजींनाही ठाऊक नव्हतं. चाचा म्हणाले, "मी तीस वर्सं मारतुय, मला ठाव न्हाई. तुम्ही तीस वर्सं शिकवताय, तुम्हास्नी ठाव न्हाई. बरनी हाय का एखादी?"

त्या बरणीपासून हे सगळं सुरू झालं. पुढं छातीनं त्रास द्यायला सुरुवात केली तेव्हा चाचांनी पंप माळ्यावर टाकला आणि दर शनिवारी सकाळी ते शाळेत येऊ लागले. नेमणूक नाही, पत्र नाही, मानधन नाही. पिशवीत बरण्या आणि चाचीच्या जुन्या साड्यांची फडकी. प्रत्येक पोराला एक बरणी, बरणीत लिंबाची फांदी, फांदीवर एक अळी आणि तोंडाला फडकं. अळीला नाव पोरानंच ठेवायचं, पण एकदा ठेवलं की बदलायचं नाही. मग हजेरीपट. लिंबावरची अळी कोषात जाण्याआधी चार वेळा कात टाकते. चाचांच्या हिशेबात कात टाकली म्हणजे ती वरच्या वर्गात गेली. पहिलीत ती चिमणीच्या शिटेसारखी दिसते, पाचवीत हिरवी होते, आणि पाचवी झाली की पोट रिकामं करून, जागा शोधून, स्वतःला दोऱ्यानं फांदीला बांधून घेते आणि कोषात जाते. आमची शाळाही पाचवीपर्यंतच आहे, त्यामुळे हे कुणालाच समजावून सांगावं लागत नाही. अळी कितवीत आहे हे ओळखायची चाचांची युक्ती मात्र जगात कुठल्या पुस्तकात नसेल. रोज सकाळी बरणी कागदावर झटकायची आणि लेंड्या बघायच्या. खसखशीएवढी असेल तर पहिली, मोहरीएवढी असेल तर तिसरी, ज्वारीएवढी झाली की पाचवी. आमच्या वस्तीवरच्या आयांनी एक काळ स्वयंपाकघरातले डबे कुलपात ठेवले होते, कारण पोरं ताडून बघायला मोहरी घेऊन जायची आणि परत आणायची.

हजेरीपटाला रकाने होते: तारीख, पान किती खाल्लं, लेंडी केवढी, अंगाचा रंग. आणि अगदी कडेला, बोटभर रुंदीचा, 'मत'. त्या रकान्याबद्दल चाचांचा कायदा कडक होता. "आधी बघायचं. मंग तारीख. मंग काय बघितलं ते. मत सगळ्यात शेवटी, जागा उरली तर." कुणी पोरगं म्हणालं की 'चाचा, माझी अळी उदास आहे', की चाचा विचारत, "पान किती खाल्लं?" "अर्धं." "मंग अर्धं लिही. उदास तुझ्या घरी."

हा माणूस जिथं जाईल तिथं हेच. पाबळला एका लग्नात पंगत बसली आणि चाचा गायब. शोधायला गेलो तर मांडवामागच्या कढीपत्त्याखाली उकिडवे बसलेले, भोवती नव्या कपड्यांतली आठदहा पोरं आणि त्यांच्यात खुद्द नवरीचा धाकटा भाऊ, ज्याला करवला म्हणून स्टेजवर सगळे हाका मारत होते. एकदा शिरूरहून एस.टी.नं येताना मांडीवर दोन बरण्या होत्या. कंडक्टरनं गमतीनं विचारलं, यांचं तिकीट? चाचा गंभीरपणे म्हणाले, "पाच वर्सांच्या आतल्या हायत. ही अकरा दिसांची, ती नऊ." कंडक्टरनं तिकीट मागितलं नाही, पण उतरेपर्यंत दोनदा येऊन बरणीत बघून गेला. चाचीचं म्हणणं असं की लग्नाला चाळीस वर्षं झाली, या माणसानं तिच्याकडे कधी इतकं निरखून बघितलं नाही. मी हे चाचांना सांगितलं तर म्हणाले, "ती कुठं वर्ग बदलती? हाय तशीच हाय."

अशा माणसाच्या वर्गात पोळ्याच्या आदल्या दिवशी काय झालं ते आता सांगते. एकतीस पोरांच्या एकतीस अळ्या पाचवी पास होऊन त्याच आठवड्यात कोषात गेल्या होत्या. नवे मुख्याध्यापक येऊन दोन महिने झाले होते. तालुक्याहून साहेब येणार असा निरोप आला. मुख्याध्यापकांनी घाईघाईनं वर्ग फिनेलनं धुवून घेतला, डासांचं औषध फवारलं, एकतीसच्या एकतीस बरण्या रिकाम्या करून, विसळून, ओट्यावर ओळीनं पालथ्या घातल्या आणि कोष चिकटलेल्या काड्या मुतारीमागच्या उकिरड्यावर टाकल्या. पोरं प्रार्थनेला उभी होती. साहेब त्या दिवशी आलेच नाहीत. चाचा धावत आले तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "वर्गात किडे दिसले तर मी काय उत्तर देऊ? आणि तुम्ही बाहेरची व्यक्ती, तुमची परवानगी कुठं आहे? आता हे बंद." चाचांनी वाद घातला नाही. "बरं सर," म्हणाले, कपाटातून हजेरीपट मागून घेतला आणि पोरांना घेऊन उकिरड्यावर गेले.

मला हे दुपारी तनुजानं सांगितलं. तनुजा आमच्या शेजारची, पाचवीतली. तिच्या अळीचं नाव कलेक्टर. ती रडत नव्हती, आणि ते बघून माझं डोकं फिरलं. मी गाडी काढली, दौंडला गेले, फ्लेक्सवाल्याच्या डोक्यावर बसले आणि संध्याकाळपर्यंत आठ बाय दहाचा फ्लेक्स छापून घेतला. वर मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली एकाच अळीचा फोटो एकतीस वेळा आणि प्रत्येकाखाली नाव: कै. राणी, कै. बुलेट, कै. ढब्बी, कै. शेरा, कै. कलेक्टर. सगळ्यात खाली, 'शोकाकुल: समस्त विद्यार्थी व पालक'. पालकांना विचारायला वेळ नव्हता. पोळ्याच्या सकाळी तो स्टँडवर लागला, आणि मी शेजारी उभी राहून पत्रकं वाटू लागले. रंगवलेले बैल मिरवणुकीनं चालले होते, आणि लोक बैल थांबवून फ्लेक्स वाचत होते. काही हसत होते. एक आजोबा नावं वाचून टोपी काढून उभे राहिले, ते नेमके कुणासाठी, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, लढा पेटला.

तेवढ्यात चाचा आले. फ्लेक्ससमोर उभे राहून त्यांनी एकतीस नावं बोट फिरवत वाचली. मग मला विचारलं, "कुनी सांगितलं मेल्यात म्हणून?"

"चाचा, फिनेल ओतलं. औषध मारलं. उकिरड्यावर फेकल्या."

"ते झालं. मेल्यात कशावरनं? बघितलंस?"

"नाही."

"हात लावून बघितलास? कोष काळा पडलाय का हिरवा हाय, बघितलंस?"

"नाही."

"मंग छापलंस कसं?"

मी म्हणाले, अन्याय झालाय चाचा, थांबून कसं चालेल. चाचा म्हणाले, "अन्याय झालाच हाय. तू त्यो खोटा करतीस. उद्या एक जरी फुलपाखरू उडालं तर ते सर म्हणतील, बघा, ही पोरगी मेल्या म्हणत हुती. मंग तुझी बाकीची तीस बी कुनी मोजनार न्हाई." मला राग आला. कारण ते बरोबर होतं, आणि कारण हा कायदा मला तिसरीत शिकवलेला होता आणि मी तो दौंडच्या फ्लेक्सवाल्याकडं विसरून आले होते. गेली चार वर्षं मी जी पत्रकं लिहीत होते त्यांत बोटभर रुंदीचा रकाना पानभर झाला होता, आणि तारीख नि काय बघितलं ते कडेला गेलं होतं. ओढ्यात कारखान्याचं काळं पाणी येतं म्हणून मी तीन पत्रकं काढली, पण कोणत्या वारी, किती वाजता, किती तास, हे एकदाही लिहिलं नव्हतं. म्हणून ती तिन्ही पत्रकं भेळेला गेली.

फ्लेक्स उतरवायला चाचांनी नकार दिला. "लावलास तर लावलास. दुरुस्त कर." त्यांनी मला शिडीवर चढवलं आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' या शब्दांवर पांढरा कागद चिकटवायला लावला. कागदावर त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: निकाल राखून ठेवला आहे. खाली एकतीस 'कै.' होते, त्यांवर एकेक चिकटपट्टी. पोळ्याच्या दिवशी भर स्टँडवर मी शिडीवर उभी राहून अळ्यांना जिवंत करत होते आणि खालून कुणीतरी विचारत होतं, "ए पत्रकवाली, फेरपरीक्षा हाय का?"

उकिरड्यावर पोरांना आदल्या दिवशीच सत्तावीस काड्या सापडल्या होत्या. चार सापडल्याच नाहीत. हजेरीपटात त्या 'गैरहजर'. सत्तावीस काड्या चाचांनी आपल्या ओसरीतल्या कपड्यांच्या दोरीला ओळीनं बांधल्या, आणि दोरीच्या दोन्ही टोकांना मुंग्या येऊ नयेत म्हणून वंगणाची चिंधी गुंडाळली. चाची मला म्हणाली, "बाई, तूच सांग, मी लुगडी वाळत घालू कुठं?" पण दोरी तिनंच ताणून बांधून दिली होती. चाचांनी जाहीर केलं, चौदा दिवस कुणीही कुणाला मेलेलं म्हणायचं नाही. रोज सकाळी शाळेत जाता जाता पोरं ओसरीत थांबायची. चाचा नाव पुकारायचे आणि ज्याची अळी तो काडीजवळ जाऊन रंग सांगायचा. मुख्याध्यापकांनी शाळेत बंदी केली होती, चाचांच्या ओसरीत करता येत नव्हती. चौदाव्या दिवशी शाळा समितीची बैठक होती आणि तिथं चाचांचा वर्ग कायमचा बंद करायचा ठराव येणार होता.

नवव्या दिवशी सकाळी कलेक्टर बाहेर आला. कोषाला फट पडली, ओलं, चुरगळलेलं काहीतरी काडीला लोंबलं, आणि तासाभरात त्याचे पिवळे-काळे पंख तडतडीत झाले. तनुजा ओरडली नाही. तिनं आधी तारीख लिहिली. मग वेळ. मग रंग. मत या रकान्यात तिनं काहीच लिहिलं नाही, आणि मी तिच्यामागं उभी राहून लाजले.

चौदा दिवसांत सतरा उडाले. सात कोष काळे पडून वाळले. उरलेल्या तीन कोषांना बारीक छिद्रं होती. त्यांतून केसाएवढ्या गांधीलमाश्या निघाल्या. चाचा म्हणाले, ह्या अळ्यांच्या अंगात माशीनं आधीच अंडी घातली होती, फिनेलाशी त्यांचा संबंध नाही. मी हिशेब करत होते: एकतिसांतले सतरा उडाले, म्हणजे चौदा बळी. चाचा म्हणाले, "सात. चार कुठं गेल्या ठाव न्हाई, तीन माशीनं खाल्ल्या. सात लिही." मी म्हणाले, चाचा, सातानं बैठकीत कोण हलणार? "सात खरं हायत," ते म्हणाले. "हलतील न्हाई तर न्हाई."

बैठकीला चाचा गेले नाहीत. मला त्यांनी ताकीद दिली की तू तोंड उघडायचं नाहीस. हजेरीपट तनुजानं वाचला. पहिल्या दिवसापासून, लेंडीसकट. मुख्याध्यापक टेबलाकडं बघत होते. समितीतल्या एका लिंबू बागायतदार अप्पांनी मधेच विचारलं, "हे समदं ठीक हाय. पर ज्या अळीवर आमी औषध मारतो तिलाच शाळंत पाळायचं, ह्ये कसलं शिक्षण?" तनुजा म्हणाली, "अप्पा, तुम्ही औषध कवा मारता?" "अळी दिसली की." "अळी डोळ्याला दिसती तवा ती पाचवीत गेलेली असती. तवा तिचं खाऊन झालेलं असतं, ती कोषात निघालेली असती. दुसरीत हाय तवरच बघितली तर हातानं येचता येती. चाचा म्हणतात त्यांनी तीस वर्सं पाचवीतल्यांवर औषध मारलं." अप्पांनी बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाले, "म्हंजी माझ्या बागंत चाचांनी वीस वर्सं फुकट मारलं?" तनुजा म्हणाली, "व्हय." हशा झाला. अप्पाही हसले, पण आधी त्यांनी विचारलं, "दुसरीतली दिसती कशी?"

ठराव फिरला. चाचांचा वर्ग शनिवारी चालू राहील, फक्त एक अट: प्रत्येक शनिवारी एक तरी पालक वर्गात बसला पाहिजे, म्हणजे शाळेवर बालंट नको. पालक नसेल त्या शनिवारी वर्ग नाही. मुख्याध्यापकांविषयी खरं तेच लिहिते, कारण आता मला तशी सवय लावली गेली आहे: त्यांच्या टेबलावर हल्ली एक बरणी असते. विचारलं तर म्हणतात, जप्त केलेली आहे. रोज सकाळी जप्त केलेल्या बरणीत ताजी फांदी असते.

मी अजून पत्रकं लिहिते. ओढ्याच्या पाण्याचं नवं पत्रक निघालं, त्यात एकवीस दिवसांची नोंद आहे: तारीख, वेळ, रंग, वास, आणि शेवटी दोन ओळी मत. ते अजून भेळेला गेलेलं नाही. हे चाचांचं देणं आहे आणि ते कुठल्याही फ्लेक्सवर मावणार नाही. त्यांनी मला ओरडायला शिकवलं नाही. ते मला येतच होतं. ओरडण्याआधी पान उलटून बघायला शिकवलं.

चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आलाय. ऑपरेशनची तारीख मिळते, चाचा पुढं ढकलतात. म्हणतात, ही खेप तिसरीत आहे, हिची पाचवी होऊ दे. गेल्या शनिवारी मी खिडकीतून बघत होते. लिंबाच्या कोवळ्या पानावरचं अंडं राईच्या दाण्याहून लहान असतं. चाचांनी पान डोळ्यांशी धरलं, लांब नेलं, पुन्हा जवळ आणलं. मग ते पान पहिलीतल्या एका चिमुरडीपुढं धरून विचारलं, "हाय का?" ती म्हणाली, "हाय." आयुष्यात कुणाच्या शब्दावर विश्वास न ठेवलेल्या त्या माणसानं हजेरीपट उघडला, तारीख घातली आणि लिहिलं: आहे.

अटीप्रमाणे आतापर्यंत पाच शनिवार पालक बसले. दोनदा तनुजाची आई, दोनदा अप्पा, एकदा चाची, नातवाची पालक म्हणून. येत्या शनिवारी कुणी नाही. तनुजाच्या आईला कांदा लावायचाय, अप्पा दौंडला, चाचीचा गुडघा धरलाय. मला मूल नाही, मला बसता येत नाही. सध्याच्या अळ्या तिसरीत आहेत, लेंडी मोहरीएवढी. तुमचं मूल या शाळेत असेल तर तुमच्याकडं मी पाठिंबा मागत नाही, सहीही मागत नाही. शनिवारी सकाळी साडेसात वाजता या, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसा, आणि चाचा पान पुढं धरून विचारतील तेव्हा नीट बघून सांगा, आहे की नाही.